पडद्याआडचं 'नोडव्वा'

आप्पा,

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं नाही, ऐकलं. आमच्या खोलीत दोरीवर एक चौकड्याची सोलापुरी चादर टांगली होती. चादरीच्या अलीकडे बाजेवर माझी थोरली बहीण अक्का, तिच्या मांडीवर नुकतं जन्मलेलं पोर, आणि तिच्या उशाशी मी. पलीकडे तुम्ही. चादर जमिनीपर्यंत पोचत नव्हती, म्हणून तुमचे करड्या मोज्यांतले पाय तेवढे दिसत होते. उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. एवढा मोठा डॉक्टर आणि मोजा फाटका, हे पाहून माझी भीती थोडी कमी झाली. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

तुम्हाला जाऊन अजून फार दिवस झाले नाहीत. पेठेतली मोठी माणसं तुमच्याबद्दल चांगलं बोलली, मिलमधले लोक बोलले. मी कॉलेजात आहे म्हणून दोघाचौघांनी माझ्याकडे पाहिलं, पण माझ्या तोंडून शब्द निघेना. शाळेतल्या निबंधापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात लिहिणारी मीच पहिली, त्यामुळे कुणाला विचारावं अशीही सोय नाही. तरी लिहिते. चुकलं तर तुम्ही हसाल, आणि हसून झाल्यावर तपकीर ओढाल, इतकंच.

अक्काचं सासर माढ्याकडचं. तिचं पहिलं पोर तिकडेच झालं आणि महिन्याच्या आत गेलं. वाळून गेलं, असं म्हणतात आमच्याकडे. अंगावर दूध भरपूर, पोर दिवसभर छातीशी, आणि तरी ते वाळत गेलं. तेव्हा सगळ्यांनी एकच निकाल दिला, की हिच्या दुधालाच दोष आहे. दुसऱ्या खेपेला आईनं हट्टानं तिला माहेरी आणलं. मुलगा झाला. म्हादू. आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच सुरू झालं. पोर धरायचं, सुटायचं, पुन्हा धरायचं, रडायचं, दमून झोपायचं आणि लगेच भुकेनं जागं व्हायचं. अक्काच्या छातीला भेगा पडून रक्त येत होतं, दूध दाटून छाती दगडासारखी झाली होती. पाजायला घेताना ती पदराचा बोळा दातांत धरायची.

पेठेतल्या एका म्हातारीला बोलावून आम्ही पोराची पडजीभ उचलून घेतली. पोर पीत नाही म्हणजे पडजीभ खाली उतरली, असं आमच्याकडे लहानथोर सगळे मानतात. तिनं अंगठ्याला हळद लावून टाळूत दाब दिला, पोर निळं होईस्तोवर रडलं, आणि आईनं तिला खण-नारळ दिला. आता नवल वाटतं. आम्ही जीभ पाहिली ती घशातली. समोरची, तोंड उघडलं की दिसणारी जीभ कुणी पाहिलीच नाही.

मग अक्काची सासू आली. त्या वाईट नव्हत्या. एक नातू हातचा गेलेला आणि दुसरा डोळ्यांदेखत चाललेला, अशा माणसाचं जे होईल ते त्यांचं झालं होतं. त्यांनी अक्काचं दूध वाटीत काढायला लावलं आणि त्यात एक मुंगी सोडली. मुंगीनं पाय झाडले आणि ती मेली.

"बगा," त्या म्हणाल्या, "मुंगी मेली की. जहर हाय ह्या दुधात. पोर मी घिऊन जाते. घरी शेळी दुभती हाय. सूनबाई ऱ्हाऊ द्या हितंच."

'हितंच' म्हणजे किती दिवस, हे त्या बोलल्या नाहीत. विचारायची कुणाची छाती झाली नाही. अक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वडिलांनी मिलचा खाडा केला आणि तुम्हाला टांग्यात घालून आणलं.

तर तुम्हाला उंबऱ्यावरच अडवलं. सासूबाई दारात आडवा हात लावून उभ्या. "पुरुष माणूस बाळंतिणीच्या खोलीत? माज्या जित्तेपनी न्हाय."

दुसरा कुणी डॉक्टर असता तर रागावून परत फिरला असता, नाहीतर आत घुसला असता. तुम्ही म्हणालात, "मग मी बाहेरच बसतो की. मधे एक चादर बांधा. सोलापुरात चादरीला काय तोटा आहे?"

चादर बांधली. तुम्ही पलीकडे पाटावर बसलात. आणि मग तुमचा आवाज आला, "आत रडत नाही असं कोण आहे?"

आई रडत होती, अक्का रडत होती, पोर तर रडतच होतं. उरले मी.

"नाव काय?"

"सुंद्रा."

"शाळेत जाती?"

"व्हय."

"मग नोडव्वा."

मला वाटलं, कसल्या औषधाचं नाव आहे. चादरीपलीकडून वडील म्हणाले, "बग म्हनत्यात गं." तुमचं घर अक्कलकोटाकडचं, घरात कानडी. नोड म्हणजे बघ, आणि अव्वा लावलं की बघ गं बाई. पुढे कितीदा ऐकला तो शब्द. पहिल्यांदा ऐकला तो असा, चादरीतून.

"काय दिसतं?" तुम्ही विचारलंत.

"अक्काचं दूध पोराला सोसंना."

"हे तुला दिसलं की कुणी सांगितलं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं.

"सांगितलेलं नको. ते बाहेर मला सगळे सांगतात. दिसतं ते सांग."

मग मी पाहिलं. खरं तर तोवर मी पोराकडे पाहतच नव्हते, सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मी सांगितलं, की पोर तोंड उघडतंय. धरतंय. ओठ आत जातायत. आता सुटलं. गालांना खळ्या पडतायत. ओठाच्या कोपऱ्यातून दूध गळतंय.

"थांब," तुम्ही म्हणालात. "तो माग थांबवायला सांगा जरा."

आमच्या भिंतीपलीकडे नरसय्याचा माग. दिवसभर त्याची खटखट आमच्या घरात असते, आम्हाला ती ऐकूही येत नाही. वडिलांनी भिंतीवर थाप मारली. माग थांबला, आणि घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं. त्या शांततेत तुम्हाला चादरीपलीकडून ऐकू आलं ते मला हाताच्या अंतरावर असून तोवर ऐकू आलं नव्हतं. पोर पिताना टक, टक असा आवाज येत होता. बैलाला हाकताना आपण जीभ वाजवतो तसा.

"आईला काय वाटतं पाजताना?"

अक्का परक्या पुरुषाशी बोलायची नाही. ती माझ्या कानात म्हणाली, पण मोठ्यानं, तुम्हाला ऐकू जावं अशा बेतानं, "ओढत न्हाय त्ये. चावतंय."

पलीकडून तुमचा आवाज आला. "तिला म्हण, हे फार चांगलं सांगितलं. आता नोडव्वा, पोर रडताना जीभ वर येतो का?"

जीभ 'येतो' म्हटल्यावर अक्काला हसू आलं. रक्त येत होतं, डोळे सुजले होते, आणि ती हसली. तुमची मराठी उत्तम होती, पण बायकी शब्दांना तुम्ही हमखास धोतर नेसवायचात. त्या हसण्याबद्दल मी तुमच्या व्याकरणाची आजन्म ऋणी आहे.

"वर येत न्हाय," मी म्हणाले. "खालीच बसलीया. टोकाला मधी खाच पडती. विड्याच्या पानाला देठाकडं असती तशी."

"पान खातेस काय गं?"

"न्हाय."

"मग चांगलं नोडलंस." मग तुम्ही मला साबणानं हात धुवायला लावलात आणि करंगळी पोराच्या तोंडात घालायला सांगितलीत. मला हिरड्या लागल्या, कडक. जीभ करंगळीला कवटाळायला हवी होती, ती मागेच राहिली. करंगळी जिभेखालून फिरवली तर मधोमध काहीतरी अडलं. बारीक, ताठ. मागावर ताणलेल्या ताण्याचा एक धागा बोटाला लागावा तसं.

"दोरी हाय," मी म्हणाले.

"असणारच," तुम्ही म्हणालात. "जीभ खाली बांधलेला आहे. आईचं दूध ओढायचं तर जीभ पुढं यायला पाहिजे, छातीखाली जायला पाहिजे. याचा जातच नाही. म्हणून हिरड्यांनी चावतो. त्याला पोटभर मिळत नाही, आईला जखमा होतात, दूध आत दाटतं. दुधाचा दोष नाही. आईचा नाही. पोराचा पण नाही."

एवढं सरळ होतं ते. पण सासूबाई चादरीच्या कडेशी, एक पाय आत एक पाय बाहेर, उभ्याच. "आन् मुंगीचं काय?"

तुम्ही हसला नाहीत. हे मला आज फार मोठं वाटतं. तुम्ही म्हणालात, "खरं आहे. मुंगीचं बघायला पाहिजे. शेळीचं दूध आणा कुणी तरी."

गल्लीतून शेळीचं दूध आलं. सासूबाईंच्या पायाशी दुसऱ्या वाटीत दुसरी मुंगी सोडली. सगळे वाकून पाहत होते, वडील, टांगेवाला, नरसय्याची बायको. मुंगीनं पाय झाडले आणि ती मेली.

सासूबाईंनी वाटी हलवून पाहिली. "शेळीबी बाधली म्हनायची का?" त्या हळूच म्हणाल्या.

"मुंगीला पोहता येत नाही, बाई. त्यात शेळीचा काय दोष आणि सुनेचा काय दोष."

"आन् ती दोरी?"

"तोडायची. कातरीची एक टिचकी."

"जीब कापनार? पोर मुकं व्हईल की."

"जीभ नाही, खालची झिल्ली. मुका झाला तर मी माढ्याला येतो, तुमची शेळी राखतो."

त्यांनी नातवाकडे पाहिलं. मग बाजूला सरल्या. "कापा. पर ध्यानात ठिवा, शेळी लई द्वाड हाय."

पोराला फडक्यात घट्ट गुंडाळून मी चादरीबाहेर आणलं आणि तेव्हा तुमचं तोंड पाहिलं. पाहिलं असं वाटतं, पण आठवतात ते तुमचे हात. उकळून घेतलेली बोथट टोकाची लहान कातर. एक सळई, तिचं टोक पानासारखं चपटं आणि त्याला मधे चीर. दारातल्या उजेडात मी पोराचं डोकं धरलं. तुम्ही जीभ सळईनं उचललीत, दोरी बरोबर त्या चिरेत बसली, पांढरी, जवळजवळ आरपार दिसणारी. "खाली रक्ताच्या शिरा असतात, नोड. म्हणून कातरीचं टोक जिभेपासून लांब," तुम्ही शाळेत शिकवावं तसं मला सांगत होतात, आणि सांगता सांगताच ते झालं. रक्त आलं ते बोटाच्या टोकाएवढं. पोर ओरडलं. "जा, लगेच छातीला लाव. पिणं हेच औषध."

मी आत पळाले. अक्कानं पदराचा बोळा दातांत धरला आणि डोळे मिटले. पोरानं धरलं. सुटलं. पुन्हा धरलं. आणि अक्कानं बोळा हळूच तोंडातून काढला.

"नोडू का?" मी विचारलं.

"आता नोडव्वा नाही," तुम्ही म्हणालात. "आता ऐक."

टक टक बंद झालं होतं. त्याच्या जागी गटक, मग थोडं थांबून गटक. आमच्या खोलीत कुणी हललं नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून नरसय्यानं विचारलं, "डाक्टर, माग चालू करू का आता?"

"थांब बाबा. अजून पितोय."

म्हादू झोपेपर्यंत तो माग बंद होता.

गोष्ट तिथे संपली असं मात्र नाही. म्हादूला ओढायला शिकायला दिवस लागले, अक्काच्या भेगा भरायला त्याहून जास्त. तुम्ही येत राहिलात, चादरीपलीकडूनच. दाटलेलं दूध हातानं कसं काढायचं, पोर छातीशी कसं उचलून धरायचं, हे मला सांगायचात आणि मी अक्काला. पहिल्या दिवशी निघताना मात्र एक गोष्ट झाली आणि तिच्यावरून मी तुमच्याशी पुढे कितीदा भांडले. अक्कानं त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतः तुम्हाला विचारलं, चादरीकडे तोंड करून, "डाक्टर, पयल्याचंबी आसंच आसंल का?"

तुमचे पाय चादरीखाली थांबले. मग तुम्ही म्हणालात, "ठाऊक नाही, बाळा. मी त्याला पाहिलं नाही."

आणि गेलात.

मला ते फार कठोर वाटलं. पुढे थोडी धीट झाल्यावर मी तुम्हाला तसं म्हणालेही. व्हय म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? तिच्या मनावरचा दगड उतरला असता. तुम्ही म्हणायचात, न पाहिलेलं सांगायचं नाही. मी म्हणायचे, ही दयेची गोष्ट आहे, परीक्षेची नाही. तुम्ही तपकीर ओढायचात. "तू बरोबर असशील," म्हणायचात, "पण मी तसं सांगणार नाही."

आपलं दुसरं भांडण दोरीचंच. म्हादूची गोष्ट गल्लीत पसरली आणि जो तो आपलं पोर घेऊन येऊ लागला. रडकं पोर, किरकिरं पोर, उशिरा बोलणारं पोर, सगळ्यांची दोरी तोडा. मीही पोरांच्या जिभा पाहत हिंडायचे. नरसय्याच्या नातीच्या जिभेखाली मला दोरी सापडली तेव्हा मी तिला किती दिमाखानं तुमच्याकडे आणली होती. तुम्ही तिच्या आईला विचारलंत, पिताना दुखतं का? न्हाय. पोर पिऊन शांत झोपतं का? व्हय. वजन करून पाहिलंत आणि परत पाठवलंत.

"पण दोरी हाय की," मी म्हणाले.

"आहे की. असू दे. तू जीभ पाहिलास, आईला विचारलास का? दोरीला औषध नसतं, त्रासाला असतं."

मला त्या वेळी पटलं नाही. तुमच्याकडे एवढी सोपी कातर होती आणि तुम्ही ती इतकी कमी का वापरायचात, हे कळायचं नाही. आज थोडं कळतं. पूर्ण पटलं आहे असं नाही म्हणणार. खोटं म्हटलेलं तुम्हालाच आवडायचं नाही.

माझी शाळा सातवीनंतर सुटणार होती. तुम्ही वडिलांना उपदेश केला नाहीत. नुसतं म्हणालात, "चादरीपलीकडं मला डोळे लागतात हो. अर्धवट शिकलेले डोळे काय कामाचे?" वडिलांना ते समजलं, कारण अर्धवट शिकलेला कामगार मागावर काय करतो ते त्यांना माहीत होतं. मग मी तुमच्याबरोबर किती घरांत गेले. प्रत्येक घरात वेगळी चादर, पलीकडे तेच पाय. मी एकदा चिडून म्हणाले, ही चादर ओढून फेकून का देत नाही तुम्ही? तुम्ही म्हणालात, "मी ओढलो तर दार बंद होईल. तू डॉक्टर होऊन ये. चादर राहील घडीत, ती बांधायची आठवण कुणाला राहणार नाही."

पुण्याला कॉलेजात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा सरांनी विचारलं, काय दिसतं? बाकीच्या मुलांनी पुस्तकातलं सांगितलं. मी म्हणाले, मधे एक ठिपका आहे, तो सरकतोय, आणि कडेला बुडबुडा आहे, तो बहुतेक माझ्या चुकीचा. सर हसले. मी मनात म्हटलं, आप्पा, हे तुमचं. पुढे डॉक्टरीला जायचं मी ठरवलं आहे. निकाल लागला की येऊन सांगेन, असं मनात धरून बसले होते. तुम्हाला न सांगताच कळलं असेल असं लोक म्हणतात. मी तसं म्हणत नाही. न पाहिलेलं सांगायचं नाही.

आणखी एक राहिलं. तुमची बातमी आली त्या दिवशी अक्का माहेरीच होती, दिवाळीला आली होती. मी तिला म्हणाले, आप्पांनी तुला त्या दिवशी व्हय म्हणायला हवं होतं.

"खुळी हायस," ती म्हणाली. "सगळ्यांस्नी ठावं हुतं. सासूला ठावं हुतं, गावाला ठावं हुतं, मलाबी ठावं हुतं की माज्या दुदानंच पयलं गेलं. ठाऊक न्हाय म्हननारा त्यो एकलाच. त्या दिसापास्नं मला झोप यायला लागली."

इतकी वर्षं मी तिच्या वतीनं तुमच्याशी भांडत होते, आप्पा, आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं. आईला विचारलास का, हे तुम्ही मला किती वेळा म्हणाला होतात.

आम्ही सगळे तुमच्या घरी आलो. ओसरीवर तुम्हाला ठेवलं होतं. पाय उघडे होते, मोजे नव्हते. बायका पाया पडत होत्या. म्हादू आता शाळेत जातो. तो आजोळी आला आणि तुम्ही त्याला रस्त्यात कुठेही भेटलात की आधी "दाखव" म्हणायचात आणि तो जीभ बाहेर काढायचा, हे तुमचं लहानपणापासूनचं ठरलेलं. डॉक्टरला भेटल्यावर करतात तो नमस्कार हाच, असं त्याला वाटतं. तो तुमच्या उशाशी गेला, थोडा वेळ वाट पाहिली, आणि त्यानं जीभ बाहेर काढली. कुणीतरी "अरे, अरे" करत त्याचा दंड धरला. बातमी ऐकून माढ्याहून आलेली अक्काची सासू मागून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यास्नी दावतोय त्यो."

तुमचे डोळे मिटलेले होते, म्हणून सांगते. जीभ हनुवटीपर्यंत आली. टोक सरळ आहे. मधली खाच आता दिसत नाही.